बोअर मारायच्या आधी: जमिनीखालची पाइपलाइन ऑनलाइन कशी शोधायची

(हे ऑडिओ भागाचं शब्दांकन आहे. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याचा आपल्याशी काय संबंध? तेलाच्या आणि गॅसच्या पाइपलाइन. पण पनवेल, उरण, खालापूर, मावळ या पट्ट्यात तुमची जमीन असेल, किंवा तुम्ही तिथे प्लॉट घ्यायचा विचार करत असाल, तर पुढची वीसेक मिनिटं ऐकाच. यात एक चूक माझी स्वतःची आहे, तीही सांगणार आहे. खरं तर त्या चुकीमुळेच हा भाग करतोय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. बीटेक झालं, नोकरी नवी मुंबईत, घर कोनला. कोन म्हणजे पनवेलहून जुन्या पुणे हायवेने निघालात की पळस्पे फाट्याच्या पुढे. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा आमच्या गावाचं नाव पेपरात आलं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. इथून रसायनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमची थोडी भातजमीन आहे. आजोबांची होती, मग वडील आणि दोन काका यांच्यात वाटप झालं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात धाकट्या काकांचा फोन आला. म्हणाले, "बोअर मारायचीय. गाडीवाला शनिवारी येतोय. ती पाइपलाइन जाते म्हणतात ना आपल्याकडून, ती नक्की कुठून जाते ते जरा बघून सांग. तू कंप्युटरवाला."

लहानपणी शेताच्या कडेला एक पिवळा-पांढरा खांब होता, त्यावर धोक्याची सूचना लिहिलेली होती, एवढं मला आठवत होतं. पण रस्ता रुंद झाला तेव्हा तो खांब गेला. कोणी काढला, कधी काढला, कोणाला माहीत नाही. सातबारा उघडून बघितला, त्यावर काही दिसलं नाही.

मग मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. ऑफिसमधून आल्यावर लॅपटॉप उघडला आणि सर्च मारला. लोकांनी मिळून बनवलेला एक खुला नकाशा आहे, त्यात पाइपलाइनसुद्धा काढलेल्या असतात. आमच्या भागात एक रेघ दिसली. आमच्या शेतापासून दोनशे मीटर लांब. मी अंतर मोजलं, स्क्रीनशॉट काढला आणि काकांना पाठवला. खाली लिहिलं, "लांब आहे. बिनधास्त मारा."

बिनधास्त. हा शब्द मी लिहिला. आजही तो मेसेज मोबाइलमध्ये आहे, मी डिलीट केलेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काका नाक्यावर चहाला बसले होते. तिथे गावातले एक म्हातारे गृहस्थ होते. ते बरीच वर्षं लाइन वॉकर होते. हे काम बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाइपलाइनच्या कंपन्या त्या त्या गावातल्या माणसांना ठेवतात. ते रोज ठरलेला टप्पा पायी चालतात. कुठे खोदकाम चाललंय का, कुठे माती खचलीय का, वास येतोय का, ते बघतात. काकांनी बोअरची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "कुठं मारतोस?" काकांनी जागा सांगितली. म्हाताऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "तिथं नको रे. मी तिथनंच चालायचो."

काकांनी मला फोन लावून त्यांच्याच हातात दिला. मी त्यांना नकाशाचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाला, नकाशा कोणी काढलाय? तो चाललाय का कधी इथं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी रद्द केली. ॲडव्हान्स बुडला, काका चिडले. आणि मग मी पहिल्यांदा नीट शोधायला बसलो. त्यात मला जे कळलं, ते आज सांगतो.

पण आधी हे बघू, की आपल्याच भागात एवढ्या लाइन का आहेत.

माहुल-तुर्भे भागात १९५० च्या दशकात दोन रिफायनऱ्या आल्या. आज आपण त्यांना एचपीसीएल आणि बीपीसीएल म्हणून ओळखतो. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हाय सापडलं. तिथलं तेल आणि गॅस समुद्राखालच्या लाइनने उरणला यायला लागले. आता माल आत देशात न्यायचा तर मध्ये सह्याद्री. म्हणजे उरण, पनवेल, खोपोली हीच वाट. एचपीसीएलची मुंबई-पुणे लाइन १९८५ ची, ती पुढे सोलापूरपर्यंत गेली. तिची एकूण लांबी साधारण ५०८ किलोमीटर. बीपीसीएलची मुंबई-मनमाड लाइन १९९८ ची. मग २००७ च्या सुमारास गेलची दहेज-उरण गॅस लाइन आणि पनवेलहून दाभोळकडे जाणारी लाइन. त्यानंतर उरणहून चाकण-शिक्रापूरकडे जाणारी एलपीजीची लाइन. आणि शहरातली घरगुती गॅसची जाळी वेगळीच.

म्हणजे आपण ज्या मातीत भात लावतो, तिच्या एक-दीड मीटर खालून पेट्रोल, डिझेल, गॅस जातोय. आमच्या शेताखाली यातली कुठली लाइन आहे ते मी सांगणार नाही. कंपनीचं नाव आणि नेमकी जागा जाहीर बोलणं बरोबर नाही, आणि आजच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.

आता शोधायचं कसं?

माझी पहिली चूक ही, की मी नकाशापासून सुरुवात केली. सुरुवात कायद्यापासून करायची. कारण कायदा सांगतो, की कंपनीला कुठला कागद काढावाच लागतो. आणि जो कागद काढावाच लागतो, तो कुठे ना कुठे असतोच.

तो कायदा १९६२ चा आहे. पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन, जमिनीतील वापर हक्क संपादन, असं त्याचं लांबलचक नाव. त्यातला ‘वापर हक्क’ हा शब्द लक्षात ठेवा. यात जमीन घेत नाहीत. मालकी तुमचीच राहते. फक्त जमिनीखालून लाइन टाकायचा, ती तपासायचा आणि दुरुस्त करायचा हक्क घेतात. म्हणूनच गोंधळ होतो. हायवेला जमीन गेली की सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी होतं, सगळ्यांना कळतं. इथे क्षेत्र तेवढंच राहतं. पीकही घेता येतं. वीस वर्षांनी पोराला वाटतं, जमीन तर पूर्ण आपलीच आहे.

पण त्या पट्ट्यात तीन गोष्टी करता येत नाहीत. कलम ९ वाचा. एक, घर किंवा कुठलंही बांधकाम. दोन, तळं, विहीर, जलाशय, धरण. तीन, झाड लावणं. आमच्या काकांची बोअर म्हणजे दुसरा नंबर. म्हणजे लाइनला धक्का लागला नसता तरी ते कायद्यात बसलं नसतं.

आता कागद. या कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार आधी अधिसूचना काढतं, की अमुक जमिनीतून लाइन टाकायचा विचार आहे. त्यावर हरकत घ्यायला जमीनधारकाला २१ दिवस मिळतात. हरकती ऐकून झाल्या की कलम ६ खाली दुसरी घोषणा निघते, आणि तिथे हक्क पक्का होतो. दोन्ही भारताच्या राजपत्रात छापल्या जातात. आणि भारताचं राजपत्र ऑनलाइन आहे. ई-गॅझेट नावाची सरकारी साइट, फुकट, कोणालाही बघता येते.

तिथे काय निवडायचं ते सांगतो, कारण मी यात दोन रात्री घालवल्या. मंत्रालय: पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू. भाग: दोन, खंड तीन, उपखंड दोन. साप्ताहिक आणि असाधारण, दोन्ही प्रकार बघायचे. मग तारखांची अंदाजे मर्यादा टाकायची. तारीख माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, "लाइन टाकली तेव्हा मी कितवीत होतो?" हसू नका, माझं असंच सापडलं. आई म्हणाली, "तुझी पाचवीची सहामाही चालू होती, आणि शेतात मशीनचा आवाज यायचा." लाइन टाकायच्या आधी वर्ष-दोन वर्षांचं राजपत्र बघायचं.

त्या अधिसूचनेत एक तक्ता असतो. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा नंबर, आणि त्या तुकड्यातलं किती क्षेत्र वापर हक्काखाली येतं ते हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये. खरं सांगतो, आपल्या गावाचं नाव केंद्र सरकारच्या तक्त्यात बघितलं की पोटात काहीतरी होतं.

पण तिथे पोहोचायला तीन अडथळे आले. तुम्हालाही येतील.

पहिला, सर्च चालत नाही. बरीच जुनी राजपत्रं म्हणजे नुसते स्कॅन केलेले फोटो. त्यात ‘कोन’ टाइप करून काही सापडत नाही. आणि काही फाइलींमध्ये अक्षरं आहेत, पण हिंदी मजकूर जुन्या फाँटमध्ये. कॉपी केलं तर भलतंच काहीतरी पेस्ट होतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहून फोटोतला मजकूर ओळखायचा प्रयत्न केला. निम्मा चुकला. शेवटी इंग्रजी भाग डोळ्यांनी वाचला. तक्ता तालुक्याप्रमाणे असतो, त्यामुळे पनवेल दिसलं की सावकाश खाली जायचं.

दुसरा, गावाच्या नावाचं स्पेलिंग. आपली गावं इंग्रजीत कोण कशी लिहील सांगता येत नाही. कोनचंच तीन प्रकारे लिहिता येईल. म्हणून नावावर विसंबू नका, शेजारची गावंही बघा. लाइन गावागावातून सलग जाते. आधीचं आणि नंतरचं गाव सापडलं तर मधलं आपलंच.

तिसरा अडथळा सगळ्यात मोठा, आणि आम्ही तिथेच फसलो होतो. नंबर. राजपत्रात आजोबांच्या काळचा हिस्सा नंबर आहे. नंतर तीन भावांत वाटप झालं आणि पोटहिस्से पडले. माझ्या भाषेत सांगायचं तर जुन्या टेबलची की बदलली आणि नवीन टेबलशी ती जुळेना. सातबाऱ्यात ‘इतर अधिकार’ म्हणून रकाना असतो. वापर हक्काची नोंद तिथे यायला हवी. आजोबांच्या जुन्या उताऱ्यावर ती होती. वाटपानंतर ती मोठ्या काकांच्या उताऱ्यावर राहिली, धाकट्या काकांच्या उताऱ्यावर आलीच नाही. म्हणून मी महाभूलेखवर बघितलं तेव्हा मला कोरं दिसलं. आणि मी समजलो, काही नाही.

मंडळी, आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ऑनलाइन दिसलं तर आहे. ऑनलाइन दिसलं नाही, याचा अर्थ नाही असा होत नाही.

आम्ही इंजिनीअर लोक इथे हमखास चुकतो. सर्चमध्ये शून्य निकाल आले की आम्हाला वाटतं, उत्तर मिळालं. उत्तर मिळालेलं नसतं, प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला असतो.

म्हणून सातबारा बघताना आजचा एकच उतारा बघू नका. फेरफार बघा. त्यावरचे फेरफार नंबर मागे मागे नेत जा, आणि वाटपाच्या आधीचा उतारा तलाठ्याकडून काढा. शेजारच्या हिस्स्यांचे उतारे ऑनलाइन फुकट बघता येतात, तेही बघा. शेजाऱ्याच्या ‘इतर अधिकार’मध्ये पाइपलाइन असेल आणि पलीकडच्याच्याही असेल, तर ती तुमच्यावरून उडी मारून गेलेली नाही.

आता बाकीच्या साइट. प्रत्येकीकडून एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, सगळ्यांचं नाही. तेवढं समजलं की वेळ वाचतो.

लाइन कोणाची आणि तिला परवानगी कोणी दिली? त्यासाठी पीएनजीआरबी, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ. २००६ च्या कायद्याने आलेलं. कुठल्या लाइनला मंजुरी आहे, कुठून कुठे, किती लांब, कंपनी कोणती, हे त्यांच्या साइटवर असतं. तुमच्या जिल्ह्यात घरगुती गॅसचा परवाना कोणाकडे आहे तेही तिथेच कळतं. पण गट नंबर नाही मिळणार.

देशाचं मोठं चित्र हवं असेल तर पीपीएसी, पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन आणि विश्लेषण कक्ष. तिथे लाइनच्या लांबीचे, क्षमतेचे तक्ते आणि नकाशे मिळतात. तो नकाशा अख्ख्या भारताचा. त्यावर पनवेल म्हणजे एक ठिपका. त्यावरून बोअरची जागा ठरवू नका. मी त्याहून फार बरं काही केलं नव्हतं म्हणा.

पर्यावरणाचे कागद परिवेश नावाच्या साइटवर असतात. पण इथे एक गंमत आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक लाइनला पर्यावरण मंजुरी लागत नाही. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवेदनशील क्षेत्र यातून जाणाऱ्या लाइनसाठी ती लागते. म्हणजे कर्नाळ्याजवळून किंवा माथेरानच्या संवेदनशील पट्ट्यातून काही जात असेल तर कागद सापडायची शक्यता जास्त. साध्या भातशेतीतून जात असेल तर कदाचित काहीच नाही. परत तेच. कागद नाही म्हणजे लाइन नाही, असं नाही.

सुरक्षेचे नियम बघायचे तर ओआयएसडी, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. तिथे झालेल्या अपघातांवरची टिपणंही असतात. ती वाचा. कंपनीचं नाव नसतं, पण काय चुकलं ते असतं.

आणि कोर्टाचे निकाल. नुकसानभरपाईची भांडणं, मार्ग बदलायच्या याचिका. निकालात गावाचं नाव, गट नंबर, अधिसूचनेची तारीख सगळं आलेलं असतं. राजपत्र सापडत नसेल तर निकालातून त्याची तारीख मिळू शकते. हा माझा आवडता चोरवाटेचा मार्ग.

भरपाईवरून आठवलं. कायद्याप्रमाणे दोन गोष्टी मिळतात. लाइन टाकताना पिकाचं, झाडांचं, बांधाचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. आणि वापर हक्कापोटी कलम ३ च्या अधिसूचनेच्या दिवशी त्या जमिनीचा जो बाजारभाव असेल, त्याच्या १० टक्के. रक्कम सक्षम प्राधिकारी ठरवतो, पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. आमच्या आजोबांना चेक मिळाला होता एवढं घरात सगळ्यांना आठवतं. कागद कोणाकडेच नाही. त्या चेकसोबतचा कागद कोणी ट्रंकेत जपून ठेवला असता तर मला दोन रात्री जागायला लागलं नसतं. तुमच्या घरात असा कागद असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

कागद हरवला असेल तर माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या कंपनीला किंवा मंत्रालयाला ऑनलाइन अर्ज करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त अख्ख्या लाइनचा नकाशा मागू नका. सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील, आणि त्यात तथ्यही आहे. स्वतःच्या सर्व्हे नंबरपुरतं मागा. माझ्या जमिनीवरच्या वापर हक्काचे कागद आणि दिलेल्या भरपाईचा तपशील द्या, एवढंच.

आता तुम्ही विचाराल, नेमका नकाशाच सरळ लोकांसमोर ठेवला तर? मलाही आधी असंच वाटलं होतं. मग मी अमेरिकेचं बघितलं. तिथे पाइपलाइनचा राष्ट्रीय नकाशा लोकांसाठी खुला आहे. आपला जिल्हा निवडायचा, रेघा दिसतात. छान वाटतं. पण तिथेच स्पष्ट सांगितलंय, की हा नकाशा खोदकामासाठी वापरू नका. कारण त्याच्या अचूकतेचं उद्दिष्टच ५०० फूट आहे. ५०० फूट म्हणजे दीडशे मीटर! आमचं अख्खं शेत त्यात बसतं. म्हणून तिथे खोदायच्या आधी ८११ नंबरला फोन करायचा, कंपनीचा माणूस येऊन जमिनीवर खूण करतो. म्हणजे एवढा नकाशा असूनही शेवटी माणूस येतोच.

तो का येतो, तेही सांगतो. बेल्जियममध्ये ३० जुलै २००४ ला एका औद्योगिक वसाहतीत गॅसची मोठी लाइन फुटली. २४ माणसं गेली. त्याआधी तिथे बांधकाम चालू होतं आणि त्यातल्या यंत्राने पाइपला ओरखडा पडला होता. लगेच काही झालं नाही. नंतर दाब वाढला आणि पाइप फुटला. आपल्याकडे आंध्रात नगरम गावात २७ जून २०१४ ला गॅसच्या लाइनचा स्फोट झाला, त्यात २० पेक्षा जास्त माणसं गेली. तिथलं कारण वेगळं होतं, खोदकाम नव्हतं. पण घरं लाइनला किती चिकटून होती ते फोटोत दिसतं.

बेल्जियमचं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी धरून चाललो होतो, की धक्का लागला तर लगेच कळेल. तसं नसतं. बोअरच्या गाडीने नुसतं घासलं असतं, काका म्हणाले असते "दगड लागला", दोन फूट सरकून दुसरीकडे मारली असती. आणि ते घासलेलं तसंच राहिलं असतं. आमच्या शेताखाली, किंवा पुढे गावाजवळ.

असो. पुढे काय झालं ते सांगतो.

राजपत्रातून कंपनी कळली. मी फोन करायला घाबरत होतो. वाटलं, आपणच अडकू. काका म्हणत होते, "उगाच साप अंगावर घेऊ नको." पण कंपनीच्या खांबांवर नंबर असतोच. रसायनीच्या दिशेला जाऊन पुढचा खांब शोधला, तिथला नंबर लावला. दोन दिवसांत दोन माणसं आली. हातात एक यंत्र. पाइपवर सिग्नल सोडून वरून त्याचा माग काढतात. एक जण सावकाश चालत गेला, दुसऱ्याने मागे मागे झेंड्या रोवल्या. दहा मिनिटांचं काम. एक पैसाही घेतला नाही.

बोअरची जागा काकांनी चुन्याने आखून ठेवली होती. पाइपची झेंडी तिथून चार मीटरवर होती. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये दोनशे मीटर होतं.

काका काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "बिनधास्त, ना?"

त्या लाइन वॉकर काकांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते बांधावर उभे राहून झेंड्या बघत होते. मी विचारलं, बरोबर आहे का? ते म्हणाले, "ती दुसरी झेंडी जरा वर हवी." तेवढ्यात यंत्रवाल्याने परत तपासलं आणि झेंडी हातभर वर सरकवली. मी तुम्हाला अगदी खरं सांगतोय.

बोअर मग शेताच्या दुसऱ्या टोकाला मारली. पाणी लागलं, पण बेताचंच. काका अजून म्हणतात, "त्या कोपऱ्यात भरपूर होतं." म्हणू देत.

उताऱ्यावर नोंद यावी म्हणून आम्ही स्वतः अर्ज केलाय. बऱ्याच जणांनी आम्हाला वेड्यात काढलं. म्हणाले, किंमत कमी होईल जमिनीची. होईल कदाचित. पण उद्या आम्ही ती जमीन कोणाला विकली आणि त्याने तिथे विहीर काढली तर? कोरा उतारा दाखवून आम्ही विकलेली असेल. मला ते नको होतं. वडील म्हणाले, "करून टाक." काकांनी सही केली, जरा उशिरा केली, पण केली.

आता थोडक्यात सांगतो, म्हणजे गाडी चालवता चालवता ऐकणाऱ्यांना सोपं जाईल.

जमिनीत काही खोदायचं असेल किंवा प्लॉट घ्यायचा असेल तर आधी घरातल्या आणि गावातल्या मोठ्यांना विचारा. मग सातबारा, पण वाटपाच्या आधीपासूनचा, आणि शेजाऱ्यांचाही. मग राजपत्र, कलम ३ आणि कलम ६, दोन्ही. कलम ३ म्हणजे नुसता इरादा असतो. पुढे मार्ग बदललेला असू शकतो, म्हणून कलम ६ बघायचंच. मग पीएनजीआरबीवर कंपनीची खात्री. आणि शेवटी कंपनीला फोन. यातला शेवटचा टप्पा कधीच गाळू नका. पहिले चार टप्पे तुम्हाला सांगतील की लाइन आहे, कोणाची आहे, कुठल्या हक्काने आहे. ती नेमकी कुठे आहे हे जमिनीवर उभं राहूनच कळतं.

जेसीबी आणि बोअरवाल्या मित्रांसाठी अजून एक. ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आलंय. खोदणाऱ्याने त्यात जागा टाकायची, मग तिथे ज्यांच्या केबल किंवा पाइप आहेत त्यांना निरोप जातो. वापरा. पण त्यात कोणाचं उत्तर आलं नाही म्हणून खाली काही नाही असं समजू नका. ते वाक्य तुम्हाला आता पाठ झालं असेल.

आणि तो खुला नकाशा? मी त्यात लॉग-इन करून ती चुकीची रेघ दुरुस्त करणार होतो. खूप विचार केला. मग नेमकी जागा टाकली नाही. फक्त त्या रेघेला टीप जोडली: ही रेघ अंदाजे आहे, प्रत्यक्ष पडताळलेली नाही, खोदकामासाठी वापरू नये. मी स्क्रीनशॉट काढला त्या दिवशी ही टीप तिथे असती तर मी थांबलो असतो का? माहीत नाही. पण निदान ‘बिनधास्त’ लिहिलं नसतं.

तुमच्या गावात असा एखादा लाइन वॉकर असेल, जुना कोतवाल असेल, त्यांच्याशी बोला. त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याही साइटवर नाही. आणि तुमच्या ट्रंकेत असा एखादा कागद सापडला तर मला जरूर कळवा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि खोदायच्या आधी विचारा.